आधी झडप, मग हँडल

"दादा, खिडकीचं हँडल तुटलंय, येताना नवं घेऊन या," असा फोन आला की मी दोन प्रश्न विचारतो. तुटण्याआधी ते कधीपासून जड फिरत होतं? आणि झडप उघडी असतानाही जड जायचं, की फक्त बंद करताना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर साधारण ठरलेलं असतं: मागच्या पावसाळ्यापासून जोर लावावा लागत होता, पण चालत होतं म्हणून चालवलं. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलेलं नसतं. मुंबईत घरोघरी खिडक्या दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या कामाने मला जे शिकवलं ते एवढंच आहे, की हँडल एका दिवसात तुटलं तरी खिडकी त्याला फार आधीपासून तोडत आलेली असते. ती का तोडत होती, हे शोधल्याशिवाय नवं हँडल बसवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा फोन आजच लावून ठेवणं.

तुटलेला तुकडा मी कुणाला टाकू देत नाही. हल्लीच्या बऱ्याच खिडक्यांची हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. धातू साच्यात ओततात आणि वरून पावडर कोटिंगचा रंग देतात. पितळावर किंवा पोलादावर ताण आला तर ते आधी वाकतं, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. हा मिश्रधातू फारसा वाकत नाही, एकदम तुटतो, आणि तुटलेली जागा दाणेदार दिसते. ती जागा उजेडात धरून बघायची. सगळा भाग सारखाच स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर हँडल एका झटक्यात गेलं. वाऱ्याने झडप आपटली असेल, नाहीतर एखाद्या मुलाने हँडलला लोंबकळून बघितलं असेल. अर्धा भाग मळकट काळा आणि अर्धा ताजा असेल, तर चीर जुनी आहे. रोज थोडा थोडा जास्त जोर लागत गेला आणि चीर रोज थोडी थोडी पुढे सरकली. माझ्या हाती येणारे बहुतेक तुकडे या दुसऱ्या जातीचे असतात. तुटतात तेही एकाच ठिकाणी, दांडी जिथे बैठकीला मिळते त्या मानेवर, कारण सगळा पीळ तिथेच येतो.

ही बघायची सवय मला लोखंडी खिडक्यांनी लावली. आयटीआयमधून फिटरचा ट्रेड करून मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, त्यांच्याकडे जुन्या सरकारी वसाहतींची कामं असत. तीन-चार मजली इमारती, झेड आकाराच्या लोखंडी पट्ट्यांच्या खिडक्या, पुट्टीत बसवलेल्या काचा आणि पितळेचं छोटंसं हँडल. या हँडलला पुढे चोच असते. हँडल खाली फिरवलं की ती चोच चौकटीवरच्या उतरत्या पट्टीवर चढते, पाचरीचं काम करते आणि झडप आत ओढून घेते. वर्षानुवर्षं घासून चोच झिजली की हँडल पुरतं फिरतं, पण झडप घट्ट बसत नाही. वाऱ्यात खडखडते आणि पावसाची झड आत येते.

एका वसाहतीत एक आजी राहत होत्या. खडखड थांबावी म्हणून त्यांनी झडपेच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवली होती. "नवं हँडल बसवून दे रे बाळा, रात्रभर वाजतं," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी हँडलला हातही लावला नाही. त्यांनी आधी पटाशीच्या टोकाने झडपेची कड खरवडली. खालून रंगाचे थरावर थर निघाले. दर रंगकामाला चौकट आणि झडप यांच्यातली फट थोडी थोडी बुजत गेली होती. खालच्या बिजागरीपाशी लोखंडाला पापुद्रे सुटले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो झडपेला आतून बाहेर ढकलत होता. म्हणजे बिचाऱ्या चोचीला झडप नुसती धरायची नव्हती, रंग आणि गंज या दोघांच्या विरुद्ध ओढायची होती. आम्ही रंग उतरवला, गंज काढला, रेड ऑक्साइड मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं. शेवटी चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू ढिले करून तिच्याखाली पितळेचा पातळ पत्रा सारला, म्हणजे पट्टी झिजलेल्या चोचीपर्यंत वर आली. जुनंच हँडल घट्ट बसलं.

मग मिस्त्रींनी आजींना खिडकीपाशी बोलावलं. "तुम्ही स्वतः लावून बघा आजी. माझ्या हाताला काय, सगळंच जमतं. तुमच्या हाताला जमतंय का, ते सांगा." आजींनी दोन बोटांनी हँडल फिरवलं. ते वाक्य मी कायमचं उचललं. आजही काम संपलं की हँडल मी आधी घरातल्या माणसाच्या हातात देतो.

आताच्या टॉवरांमधल्या खिडक्यांचा प्रकार वेगळा. अॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीची, बिजागरीवर उघडणारी झडप असते. तिच्या कडेच्या खाचेत एक लांब पट्टी बसवलेली असते आणि त्या पट्टीवर दोन-तीन ठिकाणी छोट्या डोक्याच्या पिना असतात. हँडल नव्वद अंशांत फिरवलं की आतली पेटी ती पट्टी वर-खाली सरकवते आणि पिना चौकटीवरच्या पकडींत जाऊन अडकतात. हँडलमागे चौकोनी दांडी असते, तिला आम्ही स्पिंडल म्हणतो. तीच हँडल आणि पेटी यांना जोडते. बहुतेक ठिकाणी हा स्पिंडल ७ मिलिमीटरचा असतो आणि हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलिमीटर असतं. हे दोन आकडे जुळले तर एका कंपनीच्या खिडकीला दुसऱ्या कंपनीचं हँडल सहसा बसतं. फसगत होते ती स्पिंडलच्या लांबीत. तो आखूड पडला तर पेटीत टोकापुरताच शिरतो आणि आतलं चौकोनी भोक गोल करून टाकतो. मग हँडल नुसतंच फिरतं. लांब असला तर बैठक झडपेला टेकत नाही, आणि स्क्रू आवळून टेकवली तर पेटीच जाम होते. म्हणून जुना स्पिंडल बैठकीपासून टोकापर्यंत मोजायचा आणि तेवढाच घ्यायचा. जास्त लांब मिळाला तर हॅक्सॉने कापून कडा कानशीने साफ करायच्या.

बदलायचं काम तसं कुणालाही जमण्यासारखं आहे. बैठकीवरचं झाकण जरा उचलून आडवं फिरवलं की खालचे दोन स्क्रू दिसतात. ते काढायचे, हँडल सरळ ओढून घ्यायचं, नवं त्याच स्थितीत ठेवून आत सारायचं. स्क्रू आधी हाताने धरतील तेवढे फिरवायचे, मग पेचाने. इथे ड्रिल मशीन लावू नये. आटे गेले की साध्या कामाचं मोठं काम होतं. हे सगळं झडप आत ओढून, खोलीत दोन्ही पाय जमिनीवर ठेवून करायचं. झडप बाहेर उघडणारी असेल तर ती दोरीने बांधून घ्यायची. मी चौकटीवर चढून काम करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. हँडलचं काम पूर्णपणे आतून होतं, त्यासाठी बाहेर झुकायची गरजच पडत नाही.

झडप बंद असतानाच हँडल तुटलं तर माणसं घाबरतात आणि स्क्रू ड्रायव्हर घालून झडप उचकटायला जातात. त्याने चौकटीचा कोपरा तुटतो. तुटलेली बैठक काढायची, त्या चौकोनी भोकात ७ मिलिमीटरचा स्पिंडल घालायचा आणि पान्याने हळूच फिरवायचा. पिना सुटतात, खिडकी उघडते.

पण या सगळ्याच्या आधी माझा दुसरा प्रश्न येतो. झडप उघडी ठेवायची आणि हँडल फिरवून बघायचं; तुटलं असेल तर त्या जागी माझं सोबतचं हँडल लावून. उघड्या झडपेत ते हलकं फिरलं आणि बंद करताना अडलं, तर पेटी चांगली आहे. झडप जागेवरून सरकलीये आणि पिना पकडीत सरळ जात नाहीत. उघड्या झडपेतही जड असेल, तर पेटी किंवा पट्टीच कोरडी पडलीये, धुळीने भरलीये. माझ्या बॅगेतल्या कुठल्याही हत्यारापेक्षा ही परीक्षा जास्त उपयोगाची आहे. ती करायला कारागीर लागत नाही, पैसे लागत नाहीत.

झडप उतरते तिची कारणंही ठरलेली असतात. बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, ते आवळले की भागतं. कधी दोष काचेखाली असतो, आणि तो सहज दिसत नाही. यूपीव्हीसीच्या झडपेत काच नुसती बसवलेली नसते. तिच्याखाली आणि बाजूला प्लास्टिकचे छोटे तुकडे ठेवून काचेचं वजन बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यावर टाकलेलं असतं. मग काचच तिरक्या आधाराचं काम करते आणि झडप चौकोनी राहते. हे तुकडे घाईत चुकीच्या जागी पडले किंवा घसरले की हँडलच्या बाजूची झडप खाली बसते. पिना पकडीच्या खालच्या कडेवर घासतात आणि त्या घासण्याचा सगळा भार घरातल्या माणसाच्या मनगटावर आणि हँडलच्या मानेवर येतो. काचेची पट्टी सोडवून तुकडे पुन्हा नीट लावले की खाली बसलेली झडप वर येते. बऱ्याच खिडक्यांत पिनांची डोकी मुद्दामच मध्यापासून किंचित सरकवलेली असतात. ती ॲलन कीने फिरवून झडप किती घट्ट बसावी, हे कमी-जास्त करता येतं.

वर्सोवा, वांद्रे, वरळीच्या समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारा वारा. हँडलवरच्या रंगाला एवढासा टवका उडाला की तिथून मीठ आत शिरतं, जस्त पांढरं होऊन फुगतं आणि रंगाला फोड येतात. अॅल्युमिनियमच्या चौकटीत साधे लोखंडी स्क्रू लावले असतील तर ते गंजतातच. शिवाय दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल आली की अॅल्युमिनियमही पांढरी भुकटी होऊन झिजायला लागतं. अशा घरांत मी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतो. नेहमीच्या ३०४ प्रतीत नसलेलं मॉलिब्डेनम त्यात असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात. लावतानाच आट्यांना थोडं ग्रीस देतो, म्हणजे पुढे कुणाला स्क्रू काढायची वेळ आली तर तो सुटेल. हा खर्च किरकोळ असतो, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही. म्हणून समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तो मागून घ्यावा.

सरकत्या खिडक्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. तिथे हँडल किंवा लॉक तुटलं की मी खाली वाकून ट्रॅक बघतो. झडपेखालची बेअरिंग झिजलेली असतात, ट्रॅकमध्ये माती आणि कबुतराची पिसं साचलेली असतात, पाणी बाहेर जायची भोकं बुजलेली असतात. झडप सरकत नाही म्हणून माणूस लॉकला धरून तिला ओढतो, आणि लॉक काही ओढण्यासाठी केलेलं नसतं. झडप वर उचलून बाहेर काढायची, बेअरिंग बदलायची, ट्रॅक साफ करायचा. नवं लॉक त्यानंतर.

लाकडी खिडकीपाशी मात्र मी रेंगाळतो. शिवाजी पार्क आणि माटुंग्याच्या जुन्या घरांत अजून सागाच्या झडपा आहेत, पितळी कड्या आहेत, झडप वाऱ्यात धरून ठेवणारे भोकाभोकांचे पितळी दांडे आहेत. जुलैत तिथून फोन येतो, कडी बसत नाही, रंधा मारून द्या. मी जाऊन बघतो, पण शक्यतो रंधा मारत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं आणि दिवाळीनंतर पुन्हा आकसतं. जुलैत घट्ट होते म्हणून तासलेली झडप जानेवारीत ढिली होते, आणि मग कडी भोकाशी जुळत नाही म्हणून तीही बदलायची वेळ येते. खरं काम मे महिन्यात करायचं असतं. लाकूड कोरडं असताना झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश द्यायचं. या दोन कडा नजरेस पडत नाहीत, म्हणून रंगारी त्या हमखास सोडतात, आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते याच कडांतून. त्या बंद केल्या की फुगणं बरंच कमी होतं. कडी बदलावीच लागली तर नागदेवी स्ट्रीटला नवं पितळ मिळतं आणि जुन्या घडणीची जोडी लागली तर चोरबाजार पालथा घालायचा. मी जुना नमुना खिशात घेऊनच जातो. फोटोवरून आणलेली कडी परत न्यावी लागते, कारण फोटोत जाडी दिसत नाही.

अशी सागाची खिडकी काढून सरकती बसवायचा विचार कुणी बोलून दाखवला, तर मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. दोन झडपांची सरकती खिडकी कधीही अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही. मे महिन्याच्या दुपारी तो अर्धा वारा कमी पडतो. पुढचा निर्णय त्यांचा.

एका घरातलं काम मला विशेष आठवतं, कारण तिथे एकाच खिडकीच्या दोन विरुद्ध मागण्या होत्या. घरात संधिवात असलेले आजोबा होते आणि नुकती चालायला लागलेली नात होती. सूनबाई म्हणाल्या, "दादा, किल्लीचं हँडल लावा, मुलीला उघडता येता कामा नये." आजोबा म्हणाले, "मला मात्र उघडता आलं पाहिजे, पहाटे मला वारा लागतो." दोघांचंही बरोबर होतं. मी आधी झडप सरळ केली, पेटी साफ केली, तेल दिलं आणि हँडल आजोबांच्या दोन बोटांनी फिरेल इतकं हलकं करून घेतलं. मग लांब दांडीचं किल्लीवालं हँडल लावलं. दांडी जितकी लांब, तितका जोर कमी लागतो, आणि दुखऱ्या सांध्यांना हा फरक लगेच कळतो. झडप हाताच्या पंजापुरतीच उघडेल असा अटकावही लावला, तो सोडवता येतो तो फक्त मोठ्यांना. किल्लीचा खिळा खिडकीशेजारीच ठोकला, नातीचा हात पोचणार नाही पण आजोबांचा पोचेल अशा उंचीवर. किल्ली कपाटात ठेवू नका, असं मी बजावून सांगितलं. आग लागली, धूर झाला, तर अंधारातही ती हाताला सापडली पाहिजे. आजोबांनी खिडकी स्वतः उघडून बघितली, तेव्हा मी हत्यारं आवरली.

एवढ्याशा वस्तूपायी अख्खी खिडकी बदलायला निघालेले लोकही मला भेटतात. एका ताईंना सांगण्यात आलं होतं, की या मॉडेलचं हँडल आता येत नाही, पूर्ण खिडकीच नवी करावी लागेल. मी स्पिंडल मोजला, स्क्रूंमधलं अंतर मोजलं. काही शे रुपयांचं हँडल बसलं आणि झडपेचे स्क्रू आवळून ते हलकंही फिरायला लागलं. धड चौकट, धड काच उखडून भंगारात टाकायची, भिंत फोडायची, पुन्हा प्लास्टर करायचं, हे सगळं मोजपट्टी न लावता ठरवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुरुस्ती हा कमी दर्जाचा पर्याय आहे, असं कुणी मानू नये. ज्याने खिडकी नीट बघितली आहे, तोच दुरुस्ती करू शकतो.

म्हणून वाचकांना काही गोष्टी सांगतो. हँडल तुटलं तर तुकडा आणि स्पिंडल जपून ठेवा, दुकानात तोच नमुना दाखवा. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि दिवाळीच्या साफसफाईत, झडपेची खाच ब्रशने साफ करा आणि पेटीला, पिनांना, बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब द्या. रबराला लागलेलं तेल पुसून काढा, नाहीतर रबर फुगतं. खोबरेल तेल वापरू नका. ते धूळ धरून चिकट होतं आणि थंडीत गोठतं. आणि घरातल्या ज्या माणसाच्या हातात सर्वांत कमी ताकद आहे, त्याला प्रत्येक खिडकी एकदा उघडून लावायला सांगा. जिथे त्याचा हात अडेल, ती खिडकी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.